‘ण’वरून मुलीचं नाव सुचवा

भावाला मुलगी झाली त्या दुपारी आईनं पहिला फोन लावला तो गुरुजींना. स्पीकरवर. जन्मवेळ सांगितली, गाव पुणे म्हणून सांगितलं. पलीकडे पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला.

“हस्त नक्षत्र, तिसरा चरण. कन्या रास. अक्षर ण.”

“कोणतं?”

“ण. बाणातला ण.”

आईनं माझ्याकडे बघितलं. बाळाची एकुलती एक आत्या मी. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे हा बाणातला ण माझ्याच रोखानं आला होता.

नक्षत्रं २७, प्रत्येकाचे ४ चरण, असे १०८ चरण आणि प्रत्येकाला एकेक अक्षर नेमून दिलेलं. मघा नक्षत्रावर जन्मलेल्यांना मा, मी, मू, मे. सुखी माणसं. हस्ताच्या वाट्याला पू, ष, ण, ठ. एक चरण साधारण सहा तासांचा. पोरगी बारा-तेरा तास आधी आली असती तर पूर्वा, पूर्णिमा असं काहीतरी ठेवून आम्ही मोकळे झालो असतो. गुरुजी म्हणाले, आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला ङ आहे आणि उत्तराभाद्रपदाच्या चौथ्याला ञ, तुमचं त्या मानानं बरं आहे. हे ऐकून आईला काडीचाही धीर आला नाही.

तरी मी फॅमिली ग्रुपवर टाकलं, ‘ण’वरून मुलीचं नाव सुचवा. पंधरा मिनिटांत अकरा उत्तरं आली आणि त्यातली नऊ हसण्याची. शेजारच्या जैन काकू म्हणाल्या, आमचा णमोकार मंत्र ‘ण’नंच सुरू होतो, पण मुलीला णमो म्हणून हाक कशी मारणार? शेवटी गुरुजींनीच वाट काढून दिली. जन्मनाव पत्रिकेपुरतं राहू द्या, व्यवहारात हवं ते ठेवा, आणि अक्षर अगदीच सोडवत नसेल तर ‘ण’च्या जागी ‘न’ धरा. वर हसत हसत म्हणाले, “नाहीतर थोडं पुढं सरका, ठ आहेच.”

मी साताऱ्यात एका शाळेच्या ऑफिसात लिपिक आहे. जनरल रजिस्टर माझ्या ताब्यात असतं. लोकांना नाव ऐकू येतं, मला ते आधी रकान्यात दिसतं. दाखल्यावर एक वेलांटी चुकली की काय काय होतं ते मी वीस वर्षं बघत आलेय. आता तर मुलांचे अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्यांचे ओळख क्रमांक, काढायचे असतात. आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळलं नाही की गाडी तिथंच थांबते. आमच्याकडच्या एका ऋग्वेदचं स्पेलिंग आधारवर ‘आर यू’नं आणि शाळेत ‘आर आय’नं. त्याच्या वडिलांनी दोन महिने हेलपाटे घातले. त्यामुळे नावाचा विषय निघाला की माझ्यातली आत्या मागे पडते आणि लिपिक पुढे येते, असं भाऊ म्हणतो. खोटं नाही ते.

जुनी रजिस्टरं चाळायची मला सवयच आहे. साठीच्या दशकातली पानं उघडली की पांडुरंग, ज्ञानू, सिंधू, हौसा. मधेच दगडू, धोंडू, केरबा. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून दगडाधोंड्याचं, केराचं नाव द्यायचं, म्हणजे मरणाची नजर जायची नाही. ऐंशीच्या पुढं संदीप, सचिन, अमोल, वैशाली. २०००च्या आसपास शुभम, ओंकार, ऋतुजा, वैष्णवी. आणि आता आरव, विहान, रुद्र, आराध्या, शिवन्या. पहिलीच्या एका तुकडीत तीन स्वरा आहेत. बाईंनी त्यांची मोठी स्वरा, छोटी स्वरा आणि चष्म्याची स्वरा अशी सोय लावलीय. तिसरीला ते आवडत नाही.

बाळ पुण्यात, भावजयीच्या माहेरी. पाचव्या दिवशी तिच्या आईनं पाचवी पुजली, सटवाईसाठी पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं. बाराव्या दिवशी बारसं करायचं होतं, पण बाळाची कावीळ उतरेना म्हणून तिला दोन दिवस दवाखान्यात निळ्या दिव्याखाली ठेवलं, आणि मग सगळ्यांनीच ठरवलं की सव्वा महिन्यानंतर साताऱ्यातच करू. मधल्या काळात जन्माची नोंद झाली. खबर २१ दिवसांत जावी लागते, ती रुग्णालयानंच कळवली. नावाचा रकाना कोरा. भावजय घाबरी झाली, “ताई, नावाशिवाय दाखला कसा चालेल?” मी तिला सांगितलं, नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं, १९६९च्या कायद्यातच सोय आहे, घाई करून चुकीचं घालू नकोस. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून लायसन्सपर्यंत जन्माचा पुरावा म्हणून हाच एक कागद. तो कोरा राहिलेला परवडतो, चुकलेला नाही.

भाऊ संगणकवाला. त्यानं नावांची एक्सेल शीट केली. रकाने असे: नाव, अर्थ, उच्चार, इंग्रजी स्पेलिंग, आमच्या ऑफिसात म्हणता येईल का. शेवटचा रकाना मी वाढवला, ‘शाळेत कसं चिडवतील’. प्रत्येकानं दहापैकी गुण द्यायचे. सव्वाशे नावं गोळा झाली.

अर्थाच्या रकान्यानं माझं डोकं फिरलं. इंटरनेटवरच्या याद्यांत निम्म्या नावांचा अर्थ ‘सूर्याचा पहिला किरण’ आणि उरलेल्यांचा ‘देवीचे एक नाव’. सूर्याला इतके पहिले किरण कुठून आले? कोशात शोधावं तर शब्दच नाही. कुणीतरी कानाला गोड लागणारी दोन अक्षरं जोडायची, दुसऱ्यानं त्याला संस्कृतचा टिळा लावायचा. मला नवीन नावांचं वावडं नाही. ‘गोड वाटलं म्हणून ठेवलं’ असं सांगा की सरळ.

संज्ञा हे नाव मला फार आवडलं होतं. पण ‘ज्ञ’ इंग्रजीत कसा लिहायचा? आपण द्न्य म्हणतो, हिंदीवाले ग्य म्हणतात, स्पेलिंग तिसरंच होतं. भावजयीच्या टीममध्ये निम्मे लोक हैदराबादचे आणि दिल्लीचे, ते पोरीला आयुष्यभर संग्या म्हणणार. गेलं. मृण्मयी उच्चाराच्या रकान्यात गेलं. ओवी सगळ्यांना पसंत होतं, पण भावाच्या मित्रानं दोन महिन्यांपूर्वी ठेवलेलं आणि भावजयीला ते उष्टं वाटलं. ईरा त्यांच्या सोसायटीतच दोन. आई आणि वडिलांच्या नावातली अक्षरं जोडून करायचं एक नाव भावाच्या सासऱ्यांनी सुचवलं होतं, ते इथं लिहीत नाही, त्यांच्यापर्यंत जाईल.

या सगळ्यात आई गप्प. शीट तिला दाखवली, तर चष्मा लावून तिनं सव्वाशे नावं वाचली, “छान आहेत” म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. मी मागेच लागले तेव्हा म्हणाली, “मला काय विचारतेस? मला माझं तरी कुणी विचारलं होतं?”

ही गोष्ट मला तुकड्यातुकड्यांत माहीत होती, त्या दिवशी सलग ऐकली. आईचं माहेरचं नाव सुलभा. आमच्या थोरल्या काकूंचं नावही सुलभा. एका घरात दोन सुलभा नकोत म्हणून लग्नात आईचं बदलायचं ठरलं, आणि ते ठरल्याचं तिला लग्नात कळलं. ताटात तांदूळ पसरलेले, बाबांच्या हातात अंगठी, गुरुजींनी नाव सांगितलं आणि बाबांनी तांदळात लिहिलं, मंगल. “मला उलट्या बाजूनं दिसत होतं,” आई म्हणाली. “मला वाटलं, संगल लिहिलंय. म्हटलं, हे कसलं नाव?” नंतर तेच तांदूळ शिजवून खाल्ले असतील, असंही वर म्हणाली. मामा अजून सुलू म्हणतो. बाकी रेशनकार्डापासून सगळीकडे मंगल.

मी उत्साहानं भावाला फोन केला, बाळाचं नाव सुलभा ठेवू. आईनं हातातून फोन घेतला. “काही नको. पन्नास वर्षं पेटीत पडलेलं लुगडं पोरीला कशाला? ते माझं आहे, माझ्याजवळ राहू दे.”

त्याच आठवड्यात मी अक्काकडे गेले. अक्का म्हणजे माझी आत्या, आता ऐंशीला टेकलीय. माझं नाव तिनं ठेवलेलं, तेव्हा आत्यापणाचा सल्ला घ्यावा म्हटलं. अक्काचं नाव विमल. पण चारेक वर्षांपूर्वी तिच्या वयाचा दाखला हवा होता म्हणून मी तिच्या गावच्या शाळेत गेले होते, तिथं पहिलीच्या पानावर विमल नव्हतीच. वडिलांचं नाव बरोबर, गाव बरोबर, जात बरोबर, आणि मुलीचं नाव नकुसा. तीन मुलींवर झालेली चौथी. निळ्या शाईत, वळणदार अक्षरात. माझ्यासारख्याच कुठल्यातरी लिपिकानं किंवा मास्तरांनी दौतीत टाक बुडवून शांतपणे लिहिलेलं. मी त्या पानावर बोट ठेवून बराच वेळ उभी होते.

२०११ साली आमच्या सातारा जिल्ह्यात अशा पावणेतीनशेहून जास्त मुलींची नावं समारंभ करून बदलली. टीव्हीवर दाखवलं होतं, मुलींच्या हातात नव्या नावाची प्रमाणपत्रं. अक्कानं ते पाहिलेलं. ती म्हणाली, “माझं तांदळातच बदललं. तुझी आई रडली म्हणे नाव गेलं म्हणून. मी ताटाकडं बघून हसले होते. सासू म्हणाली, नवरी लाजत नाही.”

सल्ला काय दिला? “पोरीचं नाव मोठ्यानं हाक मारून बघा. रानात, लांबनं. ऐकू येतंय का बघा.” एक्सेलमध्ये हा रकाना नव्हता.

सव्वा महिना झाल्यावर भाऊ, भावजय आणि बाळ गाडीनं साताऱ्याला यायला निघाले. बारसं तीन दिवसांवर, शीटमध्ये अजून सात नावं, कुणाचंच एकमत नाही. इथं एक सांगायला हवं. पुण्याहून येताना सारोळ्याच्या पुढं नीरा नदीचा पूल लागतो, पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपून सातारा सुरू. भाऊ शिकायला पुण्याला गेला तेव्हापासून आमच्या घरात ठरलेलं आहे, पुलावरून निरोप द्यायचा, “नीरा ओलांडली.” मग आई एक तासाच्या हिशोबानं कुकर लावते. बाबा होते तेव्हा ते कोपऱ्यावर जाऊन उभे राहायचे. वीस-बावीस वर्षांत हे शब्द किती वेळा आले असतील.

त्या दिवशीही आले. आईनं फोन बघितला, तांदूळ धुवायला घेतले आणि रोवळी हातात धरून तशीच उभी राहिली.

“नीरा काय वाईट आहे गं?”

मला आधी कळलंच नाही, मला वाटलं ती नदीबद्दलच बोलतेय. आणि ती तशी नदीबद्दलच बोलत होती. आई तीनदा वारीला गेलीय. माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घालतात आणि मग पालखी आपल्या जिल्ह्यात येते, ते ती दरवर्षी टीव्हीवरही हात जोडून बघते. मी मनातल्या मनात रकाने भरायला लागले. अर्थ: नीर म्हणजे पाणी, कोशात आहे. उच्चार: दिल्लीवाल्यांनाही जमेल. दोन अक्षरं, दोन्ही लांबवता येतात, रानातही ऐकू जाईल. आणि ‘ण’च्या जागी ‘न’ही आलाच. गाडी दारात यायच्या आत मी गच्चीवर जाऊन एकदा हाक मारून पाहिली. समोरच्या घरातून एक बाई बाहेर आल्या, म्हणजे पास.

भाऊ-भावजयीला गाडीतून उतरल्या उतरल्या सांगितलं नाही. जेवण होऊ दिलं. भावजय पटकन म्हणाली, “छान आहे,” आणि मग थोडं थांबून, “पण कुणी सुचवलं?” आईंनी, म्हटल्यावर तिनं आईकडे बघितलं आणि विषय संपला. भावानं मात्र शीट उघडून गुण भरले. एकूण ५६. ओवीला ६१ होते. ते त्यानं कुणाला दाखवलं नाही, मला दाखवलं.

विरोध फक्त काकांचा. “अरे, नीरा म्हणजे ती रस्त्याकडेला प्यायला मिळते ती. सकाळी गोड असते, ऊन चढलं की आंबते. दुपारनंतर पोरीला हाक मारू नका, ताडी झालेली असेल.” सगळे हसले, भावजयही. माझ्या ‘शाळेत कसं चिडवतील’ या रकान्यात मी काकांचं वाक्य जसंच्या तसं टाकलं. पण खरं सांगू, पोरं चिडवायची थांबत नाहीत. ज्याच्या नावात काही सापडत नाही त्याला ती त्याच्या डब्यावरून चिडवतात.

बारशाला माळ्यावरचा सागवानी पाळणा काढला. एक कडी गंजलेली, ती आदल्या रात्री भावानं बदलली. आईनं आधी वरवंटा धुऊन पुसून त्याला झबलं घातलं, कुंची घातली. हा गोप्या. त्याला पाळण्याखालून एकीनं द्यायचं, वरून दुसरीनं घ्यायचं, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. भावजयीच्या पुण्याच्या मैत्रिणी मोबाइल धरून उभ्या होत्या, त्यांतल्या एकीच्या हातात वरवंटा आला आणि वजनानं ती वाकलीच. मग बाळाला तसंच फिरवलं. बाळ गाढ झोपलेलं.

मी पाळण्यात वाकले. कानाशी तोंड नेलं. तेलाचा, वेखंडाचा, दुधाचा वास. कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं, आणि त्याच क्षणी पाठीत धपाधप बुक्के बसायला लागले. आत्याच्या पाठीत बुक्के घालायचेच असतात, पण काकूंचा हात शेतातला आहे. माझ्या तोंडून नावाऐवजी “आई गं” असंच मोठ्यानं बाहेर पडलं. म्हणजे पोरीच्या कानात पहिलं काय गेलं याबद्दल घरात आजही वाद आहे. मी दुसऱ्यांदा नीट सांगितलं. अक्का खुर्चीवर बसून होती, तिला काही ऐकू गेलं नाही. “काय ठेवलं?” असं तिनं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा आई तिच्या कानाशी वाकून म्हणाली, नीरा. अक्का म्हणाली, “नदीचं होय. बरं केलं. वाहतं असतं.” घुगऱ्या वाटल्या, पाळणा म्हटला. सोळा जणींत मिळून तीनच कडवी पाठ निघाली, तीच फिरवून फिरवून म्हटली.

मग माझं खरं काम. भावानं पुण्यात अर्ज दिला. स्पेलिंग मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं, ‘एन’ नंतर दोन ‘ई’. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचंही नाव लावायचं सरकारनं ठरवलंय, म्हणून पूर्ण नाव असं झालं: नीरा, मग आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. आईनं ते फोनवर वाचलं. “बरं आहे,” म्हणाली, “आणि सूनबाईनं नाव बदललेलं नाही ते किती बरं झालं. नाहीतर यात कुठलं घातलं असतं?”

दाखला आला. भावानं फोटो पाठवला. इंग्रजी बरोबर. मराठीत ‘निरा’. ऱ्हस्व.

“चालतंय की,” भाऊ म्हणाला. “कोण बघतंय?”

“मी बघतेय.”

पुढच्या आठवड्यात मी पुण्याला गेले आणि त्याला घेऊन त्या ऑफिसात गेले. खिडकीवरची मुलगी माझ्यापेक्षा निम्म्या वयाची. तिनं विचारलं, मॅडम, एका वेलांटीसाठी साताऱ्याहून आलात? मी तिला सांगितलं, मीही हेच काम करते. तिनं चहा मागवला. दुरुस्तीचा अर्ज, आई-वडिलांची आधारं, मूळ अर्जाची प्रत, ज्यात भावानं दीर्घच लिहिलं होतं. सोळा दिवसांनी नवा दाखला मिळाला. त्याच्या चार झेरॉक्स काढून मी एक माझ्याकडे ठेवलीय, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

आता पोरगी सात महिन्यांची आहे. गुबगुबीत झालीय, बसवली की बसते आणि हलत नाही. आई तिला ठमी म्हणते. आईचं ऐकून भाऊ म्हणायला लागला, मग भावजय, आता भावजयीच्या माहेरीही ठमीच. परवा लस द्यायला नेलं, तर सिस्टरनं दारातून “नीरा” अशी तीनदा हाक मारली आणि हे दोघं शेजारच्या बाईकडे बघत होते, तिची असेल म्हणून.

मी गुरुजींना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “बघा, मी म्हटलं नव्हतं? ठ.”